पडताळ मॅडम

आमच्या मॅडमना एखादा माणूस कसा आहे हे जाणून घ्यायचं असलं, की त्या त्याच्या मित्राकडे जात नसत. त्याचं शेवटचं भांडण ज्याच्याशी झालं असेल, त्याच्याकडे जात. "मित्र वाढवून सांगतो. भांडलेला माणूस चार शिव्या देतो, पण त्या शिव्यांत एखादं खरं सापडतं," असं त्यांचं म्हणणं. धुळ्याच्या अध्यापक विद्यालयात आम्ही मुली त्यांना पाठीमागे पडताळ मॅडम म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं. त्याचाही पडताळा त्यांनी कधीतरी घेतलेला असणारच.

पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकीला उभं करून विचारलं, "शेवटचं भांडण कोणाशी झालं?" सगळ्या गुणी मुली. एकेक जण मान खाली घालून म्हणायची, "कोणाशीच नाही, मॅडम." मॅडम ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "ज्याचं कोणाशीच वाजत नाही तो एक तर देव, नाही तर खोटारडा. देवाला डी.एड. लागत नाही. बसा." माझी पाळी आली. मी सांगितलं, "आज सकाळी, एरंडोलच्या बसमध्ये, कंडक्टरशी. माझ्या टोपलीचं तिकीट मागत होता."

"दोघांत बरोबर कोण होतं?"

"मी."

"हं," त्या म्हणाल्या, "बस खाली." वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. माझं नाव तेवढं त्यांनी पुन्हा विचारून घेतलं.

मी बाजारात वाढलेली मुलगी. एरंडोलच्या आठवडे बाजारात आईबरोबर भरताची वांगी विकायची. वडील लवकर गेले. बारावी, डी.एड.ची फी, बसचा पास, सगळं त्या वांग्यांवर झालं. कोणी दिलं नाही आणि मी मागितलं नाही. गिऱ्हाईक दहा पावलं पुढे गेलं तरी परत कसं फिरवायचं हे मला येत होतं. मऊ बोलणं तेवढं येत नव्हतं.

सराव पाठाला हेच आड येईल असं सगळ्यांना वाटायचं. माझा पाठ होता वजन-मापांचा. पाठाचं टाचण नीट लिहिलेलं होतं, पण तिसरीच्या पोरांसमोर उभी राहिले आणि ते डोक्यातून गेलं. मी पिशवीतून वांगी काढली, तराजू लावला आणि पोरांना म्हटलं, "मी तुम्हाला फसवणार आहे. पकडा." पारड्याखाली मी अंगठा लावत होते. पोरं ओरडत होती, "बाई, बोट! बाई, बोट!" शेजारच्या वर्गाचे गुरुजी दारात येऊन उभे राहिले. मॅडम सगळ्यात मागे, वर्गातल्या सगळ्यात दंगेखोर पोराशेजारी बाकावर बसल्या होत्या. पाठ चालू असताना त्या टाचणाकडे बघायच्याच नाहीत, त्या पोराकडे बघायच्या. तास संपल्यावर त्यांनी माझ्या टाचणावर लाल शाईने एकच ओळ लिहिली: "आवाज बाजाराचा आहे. कमी करू नका, वळवा."

ती ओळ मी अजून पाळते. वळवणं मात्र दर वेळी जमतंच असं नाही.

आता त्या बाजारातल्या गोष्टीकडे येते, कारण मॅडम मला खऱ्या कळल्या त्या तिथेच. आमची बसायची जागा लिंबाच्या झाडाखाली होती. आजीपासूनची. मी बारावीला होते त्या वर्षी बाजाराचा ठेका नव्या माणसाकडे गेला. सगळे त्याला आप्पा म्हणायचे. आप्पाने आमची जागा आपल्या साडूला दिली आणि आईला गटारीच्या कडेला, उन्हात बसवलं. मी बोलायला गेले. तो मोटारसायकलवर बसल्या बसल्या म्हणाला, "सावली काय तुना बापनी शे का?" माझा बाप जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी हातातली वांग्यांची पाटी त्याच्या अंगावर पालथी केली. तोंडाने जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आप्पाने पोलीस ठाण्यात तक्रार दिली: शिवीगाळ आणि मारहाण. शिवीगाळ कबूल. मारहाण साफ खोटी. पुढे कोर्टकचेरी काही झाली नाही, पण नोंद राहिली.

डी.एड. झालं, परीक्षा झाली, भरती निघाली आणि माझी निवड झाली. शाळा मिळाली पिंपळनेरकडची, जिल्हा परिषदेची. आईने गल्लीत पेढे वाटले. आणि मग चारित्र्य पडताळणीचा अर्ज भरायला बसले, तर त्यात प्रश्न होता: आपल्याविरुद्ध कधी तक्रार नोंदवली गेली आहे का? सायबर कॅफेवाला म्हणाला, "ताई, नाही टाका. कोण बघतंय?"

मी तिथून उठले आणि आधी आप्पाकडे गेले. सौदा करायला. आप्पा खूश झाला. म्हणाला, तक्रार गैरसमजातून झाली असं मी ठाण्यात सांगतो. पण तू चार लोकांसमोर सांग की लिंबाखालची जागा तुमची कधी नव्हतीच. मी विचार करून सांगते म्हटलं आणि तशीच धुळ्याची बस धरली.

मॅडम घरी दादर ज्वारी निवडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "देऊन टाकते शब्द. नोकरीपुढे जागा काय मोठी?"

"तुझी आई आता कुठे बसते?"

"गटारीपाशी."

"आणि उद्या तू सांगणार, की तिची जागा तीच." त्यांनी सूप खाली ठेवलं. "सुनंदा, तू एवढी बाजारातली. जे विकायचं नाही त्याचा भाव सांगायचा नसतो, हे मी तुला शिकवायचं?"

मला राग आला. मी म्हटलं, "तुम्हाला काय, तुमची नोकरी पक्की आहे! माझी गेली तर मी पुन्हा वांगी विकू का?"

"विक. पण खोटं विकू नकोस. अर्जात होय लिही. आणि हवालदार चौकशीला आला, तुला ओळखणाऱ्या दोन प्रतिष्ठित माणसांची नावं मागितली, की पहिलं नाव आप्पाचं दे."

मला वाटलं, वय झालं बाईंचं.

तरी दिलं. का दिलं ते सांगता येत नाही. कदाचित माझ्या भांडखोरपणाला जो भाव कोणी दिला नसता तो मॅडमनी दिला, म्हणून असेल. हवालदार भला माणूस होता. नाव ऐकून त्याने पेन थांबवलं. "अहो ताई, हाच तर तक्रारदार."

"म्हणूनच," मी म्हटलं. "तुम्हाला माझ्याबद्दल खरं पाहिजे ना?"

तो बाजाराच्याच दिवशी आप्पाकडे गेला. मीही मागे गेले. आई वांगी सोडून उठली, आजूबाजूचे भाजीवाले गोळा झाले. हवालदाराने मोठ्याने सांगितलं, की या बाईने गावातला प्रतिष्ठित माणूस म्हणून तुमचं नाव दिलंय. आप्पा आधी माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने टोपी सरळ केली. सगळा बाजार ऐकत होता.

"बाई कशी आहे?" हवालदाराने विचारलं.

"भांडखोर शे," आप्पा म्हणाला. "तोंड फाटेल शे. बठ्ठा बाजारले माहीत शे."

"मापात मारते का?"

आप्पाने आजूबाजूला बघितलं. सगळे ओळखीचेच लोक, त्यातले निम्मे आमच्याकडून वांगी नेणारे. "नही," तो म्हणाला. "मापमा पाप नही. अन् ती खोटं बोलत नही, तोच तर तरास शे."

"मग तुम्हाला मारलं होतं का?"

"वांगा फेकात."

"लागली का?"

आप्पाने टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "भरीतना वांगा व्हतात," शेवटी तो म्हणाला. "मऊ ऱ्हातस."

बाजार असा हसला की हवालदारालाही लिहिणं थांबवावं लागलं. माझी आई सगळ्यात मोठ्याने हसत होती. पुढच्याच महिन्यात पडताळणीचा दाखला आला, स्वच्छ. मी तो घेऊन धुळ्याला धावत गेले. मॅडमनी हातातही घेतला नाही. "हा पोलिसांचा," म्हणाल्या. "माझा अजून व्हायचाय."

लिंबाखालची जागा आप्पाने काही परत दिली नाही. त्याचा साडू अजून तिथे सावलीत बसतो. माझा राग तसाच आहे, आणि आप्पाला तो दर सुट्टीत जाऊन मी ऐकवते.

मॅडम निवृत्त होऊन भडगावला भावाकडे राहायला गेल्या. मागच्या उन्हाळ्यात त्या वारल्या. पण त्याआधी एकदा, न कळवता, एस.टी.ने बदलत बदलत त्या पिंपळनेरला माझ्या शाळेत आल्या होत्या. मी वर्गात होते. खिडकीतून दिसलं, त्या मुख्याध्यापकांच्या खोलीवरून सरळ पुढे गेल्या. माझ्या वर्गाकडेही आल्या नाहीत. पोरांचं जेवण शिजतं त्या खोलीकडे गेल्या. फाटकापाशीच कोणाला तरी विचारून घेतलं असणार, की या बाईंचं सध्या कोणाशी वाजतंय.

वाजत होतं ते स्वयंपाक करणाऱ्या अक्काशी. दाळीवरून. आदल्याच दिवशी मी तिला सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "अक्का, या दाळीत ताटाचा तळ दिसतो. पोरांनी दाळ खायची की तोंड बघायचं?" अक्काने पळी आपटली होती.

मी धावत पोचले तेव्हा मॅडम चुलीजवळ पाटावर बसल्या होत्या आणि अक्का कपाळाला हात लावून सांगत होती, "काय सांगू, मॅडम, हाई बाई रोज मनं डोकं खास! मीठ कमी, लाकडं ओली, दाय पातय. जीव नको करी टाकस."

"मग दाळ पातळ म्हणते म्हणून बदली करायची का तिची?" मॅडमनी विचारलं.

अक्काने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग पदराने भांडं धरून चुलीवरून उतरवत म्हणाली, "नही. दुसरी बाई गोड बोलई. पण पोरेसना ताटमा दाय पातय व्हई जाई."

मॅडमनी माझ्याकडे एकदा बघितलं. त्यांनी एक ताट मागून घेतलं, अक्काला दाळ वाढायला सांगितली आणि ताट तिरकं करून बघितलं. दाळ जागची हलली नाही.

"घट्ट आहे," त्या म्हणाल्या, आणि जेवायला बसल्या.