कोकराला हाक

कॉलेजच्या सरांनी तीन शाळांचा मिळून एक कार्यक्रम बसवायचं काम माझ्याकडे दिलं, तेव्हा मी हो म्हणाले आणि बरेच दिवस घरी काही सांगितलं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजला गेलेलं नाही. आई शेजारणींना म्हणायची, "शिरूरला शिकती." काय शिकते, ते मलाही कधीकधी नीट सांगता यायचं नाही.

गाणं आमच्या केंदूरकडच्या शाळेचं, नाच कुरकुंभजवळच्या शाळेचा आणि नाटक केडगावच्या एका शाळेचं. प्रयोगही तिथल्याच मैदानावर, मांडवात. तालमी आधी वेगवेगळ्या व्हायच्या. मी एसटीने न्हावरा, चौफुला असं करत एका शाळेतून दुसरीत जायची. कुरकुंभच्या बऱ्याच मुलांचे आईवडील कारखान्यांत पाळीवर असायचे. ती घरी हिंदी बोलायची, मला "दीदी" म्हणायची. नाटकातल्या आणि गाण्यातल्या मुलांची मी "ताई" होते. मधल्या सुट्टीत मुलं आपापल्या घोळक्यात डबे उघडायची, शिक्षक त्यांच्या खोलीत जायचे. मी व्हरांड्यात नाहीतर स्टँडवर खायची. मला कुणी मुद्दाम बाजूला ठेवलं नव्हतं. मी कुठल्याच शाळेची नव्हते.

गोष्ट आप्पांकडून घेतली होती. ते माझे वडील, लहानपणी मेंढरांमागे फिरलेले. आता आम्ही कांदा करतो, बाजरी करतो. मेंढरं राहिली नाहीत. मेंढरांचा तळ एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला जाताना एक कोकरू मागे राहतं आणि एक मुलगी त्याला शोधते, एवढंच नाटक. चालणं नाचातून दाखवायचं. शेवटी मुलगी तोंडाशी हात धरून हाक मारते आणि उत्तर येत नाही. तिथे सगळं थांबायचं. ढोलही नाही. मग प्रेक्षकांच्या मागून, लांबून, गाणारी मुलं सुरू करायची आणि कोकरू सापडलं हे त्या गाण्यातूनच कळायचं. तिन्ही शाळा खऱ्या अर्थाने त्या शांततेत एकत्र येत होत्या. बाकी काही चुकलं असतं तरी चाललं असतं, मला तेवढी शांतता हवी होती.

भीती होती बक्षिसांची. आमच्याकडे गॅदरिंगला कुणाला काही आवडलं की तो उठून टेबलापाशी जातो, पैसे देतो आणि निवेदक माईकवर त्याचं नाव, गाव पुकारतो. गाणं चालू असलं तर गाणं थांबतं. त्याशिवाय लोकांना कार्यक्रम झाल्यासारखा वाटत नाही. निवेदन करणारे सर केडगावच्याच शाळेचे होते. मी धीर करून त्यांना म्हणाले, "सर, बक्षिसं शेवटी पुकारली तर?"

"शेवटी कोण थांबतंय बाळ? धारा काढायच्या असत्यात लोकांना." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "बरं. आयटम चालू असताना न्हाई पुकारत. झालं?"

झालं, म्हणाले मी.

घरी सांगितलं तेव्हा आप्पांनी विचारलं, "नाचणार हायस का काय तू?"

"न्हाई. मी बसवलाय."

"मग आम्ही बघायचं कुणाला?" आई म्हणाली.

तरी दोघं आली, गावातल्या पालकांनी केलेल्या पिकअपमधून. दुपार कलली होती. मांडव भरला होता. आपापलं पोर दिसलं की लोक तिथूनच हाका मारत होते. मी विंगेत उभी होते, तिथून मला आईबाप दिसत नव्हते. नाच चांगला झाला. केडगावच्या ढोलावर कुरकुंभची पावलं पडत होती आणि कुठे सांधा दिसत नव्हता. मग नाच विंगेत परतला, मुलगी एकटी पुढे आली. तिने हाक मारली. परत मारली. ढोल थांबला.

मांडवात खरंच कुणी बोलेना. मांडीवरची पोरंसुद्धा गप्प झाली.

तेवढ्यात माईक खरखरला. "हा सुंदर कार्यक्रम बसवणाऱ्या कन्येचे वडील..." मग आप्पांचं पूर्ण नाव, केंदूर, तालुका शिरूर. "यांच्याकडून आपल्या लेकीला बक्षीस. टाळ्या झाल्या पाहिजेत."

सरांनी शब्द मोडला नव्हता. सगळं थांबलं म्हणजे आयटम संपला, असं त्यांना वाटलं. नाचणाऱ्या मुलांनाही टाळ्या ऐकून तसंच वाटलं आणि ती नमस्काराला पुढे आली. हाक मारणारी मुलगी तोंडाशी हात तसेच धरून माझ्याकडे बघत होती. मागे गाणं सुरू झालं होतं, पण टाळ्या थांबेपर्यंत त्याच्या शेवटच्या ओळी उरल्या.

मला मंचावर बोलावलं. आप्पा धुतलेल्या शर्टात टेबलापाशी उभे होते. त्यांनी माझ्या हातात नोट ठेवली आणि उगाच टोपी सारखी केली. माझ्यासाठी त्याआधी कधी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. मला रडू येत होतं, आणि ते कशाचं ते मला ठरवता येईना.

नंतर सगळेच खूश होते. "दीदी, हमारा अच्छा हुआ ना?" "ताई, आमचं मागून ऐकू आलं का?" मी सगळ्यांना हो म्हणाले. प्रत्येक शाळेला आपापला भाग बरोबर झालेला वाटत होता आणि तो झालाही होता. राहिलेलं सांगायला मला कुणी सापडलं नाही. मुलं आपापल्या गाड्यांत बसून गेली.

मी आईआप्पांबरोबर पिकअपच्या हौद्यात बसले.

"नाव बरुबर पुकारलं ना?" आप्पांनी विचारलं. "त्यो सर म्हनला, मधी पुकारायचं न्हाई, तुमच्या लेकीनंच सांगितलंय. म्हटलं, मग थांबतो की मी. उभाच हुतो तिथं."

"बरुबर पुकारलं," मी म्हणाले.

थोडं अंतर गेल्यावर आई म्हणाली, "त्या पोरीचं कोकरू घावलं का गं? टाळ्यांत काय कळलं न्हाई."

मी सांगणार होते. त्याआधी आप्पाच म्हणाले, "न्हाई घावत. हाका मारायच्या आन् म्होरं चालायचं. तळ काय थांबत न्हाई एका कोकरासाठी."

हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मी कोकरू हरवण्यापर्यंतच विचारलं होतं, पुढचं माझं मी ठरवलं होतं.

"व्हय गं?" आईने मला विचारलं.

"व्हय," मी म्हणाले. "न्हाई घावत."