सुमिएबाईंचं पहिलं वाक्य

"इट इज कॅन्सर," असं म्हणून डॉक्टरांनी टिश्यूचा खोका माझ्याकडे सरकवला. मी रडले नाही. हे आईला सांगायचं कसं, एवढंच मनात आलं.

आजाराचं नाव इन्व्हेसिव्ह डक्टल कार्सिनोमा, म्हणजे स्तनातल्या दूधनळीत सुरू होऊन बाहेर पसरू लागलेला कर्करोग. गाठ लहान होती, ऑपरेशन नीट झालं. मग रक्ततपासणीत बीआरसीए जीनमध्ये दोष निघाला. म्हणजे हा धोका रक्ताच्या नात्यात उतरू शकतो. "बहिणीला सांगा. तिनं लवकर तपासून घ्यायला हवं," डॉक्टर म्हणाल्या.

माझी बहीण वैशू पुण्यात. तिच्या मुलीचं, सईचं, लग्न जमत आलं होतं. आईला फोन केला तर ती आधी खूप रडली, मग आवाज खाली आणून म्हणाली, "वैशूला इतक्यात बोलू नकोस. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. मुलाकडचे म्हणतील, घराण्यातच रोग आहे. एकदा अक्षता पडू देत, मग सांगू."

मी इंजिनियर, ऑकलंडात इतकी वर्षं काढलेली, आणि मला ते चक्क पटलं. दुखणं झाकायची सवय आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे. इथल्या मराठी मंडळींना मी पाठ धरल्याचं सांगितलं होतं. घरात नारायण तेलाच्या बाटल्यांचं दुकान झालं.

रेडिएशनसाठी रोज अल्बनीहून बसनं सिटीत जायचे. रेडिएशन म्हणजे उरल्यासुरल्या पेशी किरणांनी मारणं. वेटिंग रूममध्ये शेजारी एक जपानी आजी बसायच्या, सुमिएबाई. इथं मुलाकडे राहतात, जपानीत पुस्तकं लिहितात. माझा चेहरा पाहून एकदा संथ इंग्रजीत म्हणाल्या, "किरणांना मी घाबरत नाही. आमची लहानपणापासूनची ओळख आहे."

हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा त्या शाळेतही जात नव्हत्या.

परक्या माणसाशी बोलणं सोपं असतं. मी त्यांना वैशूचं, सईचं, आईचं सगळं सांगितलं.

"आमची आईही हेच म्हणाली होती," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी आपण मामाच्या गावी होतो असंच सांगायचं, नाहीतर किरणांचा रोग अंगात आहे म्हणून तुम्हाला कुणी करून घेणार नाही. ताईचं लग्न झालं. पुढे तिच्या अंगावर निळे डाग उठायला लागले, हिरड्यांतून रक्त यायचं. दवाखान्यात सासू सोबत असायची, म्हणून ताईनं डॉक्टरांनाही मामाचं गावच सांगितलं. त्यांना खरं कळलं तेव्हा उशीर झाला होता."

"ताई गेल्यावर मी लिहायला बसले. पहिलं वाक्य लिहिलं, 'आम्ही त्या दिवशी शहरातच होतो.' आई माझ्याशी परत कधी बोलली नाही."

तेवढ्यात नर्सनं त्यांचं नाव पुकारलं. त्या गाऊन सावरत आत गेल्या.

मला फार राग आला. आईचा, त्या न पाहिलेल्या मुलाकडच्यांचा आणि माझ्या समजूतदारपणाचाही. परतताना बस स्टेशनच्या बाकावरूनच वैशूला फोन लावला. पुण्यात सकाळची डब्यांची घाई होती. एका दमात सगळं सांगून टाकलं.

मागे कुकरची शिट्टी झाली.

"ताई," ती म्हणाली, "मलाही गाठ लागतेय. संक्रांतीपासून. सईचं होऊ दे म्हणून गप्प बसले होते."

तिची गाठ माझ्यापेक्षा मोठी निघाली, पण ती अजून काखेपुढे गेली नव्हती. आणखी थांबली असती तर काय झालं असतं, हे तिच्या डॉक्टरांनी सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही. सईचं ते स्थळ मोडलं, हे मात्र लिहिते. खरं बोललं की सगळं गोड होतं असं सांगून मी कुणाला फसवणार नाही. सई चिडली, रडली आणि दुसऱ्या दिवशी आईची फाइल घेऊन तिच्यासोबत हॉस्पिटलात गेली.

माझे उपचार संपले. सुमिएबाईंचे चालू आहेत. त्यांना भेटायला जाते, आणि त्यांचे आभार कसे मानायचे हे मला अजून कळलेलं नाही.

आई बरेच दिवस माझ्याशी बोलत नव्हती. आता वैशूच्या केमोला तीच सोबत जाते. परवा तिथं तिला जुन्या शेजारीणबाई भेटल्या आणि "इकडे कुठं?" म्हणून विचारू लागल्या. वैशूनं फोनवर सांगितलं, आई भर वेटिंग रूममध्ये खणखणीत आवाजात म्हणाली, "माझ्या दोन्ही मुलींना कॅन्सर झालाय. तुम्ही तुमच्या लेकीला तपासून घेतलंत का?"