बुजगावण्याची कॉलर

आमच्या दुकानाला रस्त्याच्या बाजूने एकच काचेची खिडकी आहे. गेल्या वर्षी तिच्यावरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली, तेवढी लोकांच्या घरात जमिनीच्या वाट्यावरून होत नसतील. दुकान अब्बांचं, टेलरिंगचं, चंद्रपूरच्या जुन्या बाजारात. खिडकीत वर्षानुवर्षं शिलाई मशीनचं एक मोडकं चाक आणि काही मेलेल्या माश्या एवढाच माल होता आणि कुणाची काही तक्रार नव्हती. मग मी टीशर्टवर छपाई करायचं गरम प्रेसचं यंत्र नागपूरहून जुनंपुराणं विकत आणलं, आणि मला खिडकी हवी झाली. त्याच महिन्यात माझ्या चुलतभावालाही मोबाईलची कव्हरं मांडायला तीच खिडकी हवी झाली. अब्बांनी निवाडा दिला. पावसाळ्यानंतर ताडोब्याची सफारी सुरू व्हायच्या आत मी एक मोठी ऑर्डर आणली तर खिडकी माझी, नाहीतर कव्हरांची.

निवाडा देणारा माणूस निष्पक्ष होता असं मी म्हणणार नाही. अब्बांच्या मते ज्याला कॉलर नाही तो कपडाच नव्हे, ते बनियन. बनियनवर चित्र छापलं म्हणून त्याचा शर्ट होत नाही.

ऑर्डर आणायची तर गिऱ्हाइकाला नमुना दाखवावा लागतो, आणि प्रत्येक नमुन्यापायी एक कोरा टीशर्ट खर्ची पडतो. म्हणून मी स्वस्तातल्या युक्त्या काढल्या. पहिली युक्ती अशी की एकच काळा टीशर्ट ठेवायचा, डिझाईनं पारदर्शक प्लॅस्टिकवर छापायची, आणि गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की त्याच्या छातीवर प्लॅस्टिक धरायचं. राजुऱ्याहून आलेल्या एका क्रिकेट टीमच्या कप्तानाने स्वतःला आरशात बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ताई, हे तुम्ही असंच धरून राह्यसाल का मॅचभर?"

दुसरी युक्ती म्हणजे दुकानाबाहेर दोरीला पांढरा टीशर्ट टांगणं. आमच्या शहरात पांढरं काही सकाळी बाहेर टांगलं की संध्याकाळपर्यंत कोळशाची धूळ त्याचा रंग ठरवते. तिसऱ्या दिवशी एक बाई आल्या आणि म्हणाल्या, छपाई नको, पण हा राखाडी रंग फार छान आहे, यातलाच द्या. मी त्यांना खरं सांगितलं. अब्बा म्हणाले, धंदा करायचा तर एवढं खरं सांगायचं नसतं. अब्बा स्वतः गिऱ्हाइकाला कापडाची चिंधीसुद्धा परत करतात, हे इथे सांगून ठेवते.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे घरच्यांच्या अंगावर टीशर्ट घालून त्यांना गावभर फिरवणं. तो बंद होता. अब्बांचा नियमच आहे, विकायचा कपडा घरातल्या कुणाच्या अंगाला लागता कामा नये. माझ्या आजोबांच्या काळात म्हणे एक टेलर गिऱ्हाइकाचा कोट घालून लग्नाला गेला, आणि पंगतीत नेमकं ते गिऱ्हाईक त्याच्या समोर बसलं. तेव्हापासून आमच्या घराण्यात हा नियम पाळतात. तो टेलर आमच्याच घराण्यातला होता का, हे विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.

म्हणजे मला असं अंग हवं होतं जे घरातलं नाही, फुकटात उभं राहील, आणि ताडोब्याला जाणाऱ्या मोहर्लीच्या रस्त्यावर उभं राहील. कारण माझा डोळा होता मोहर्लीकडच्या गाईडांच्या एका गटावर. सफारीच्या नव्या हंगामाला ते सगळ्यांसाठी एकसारखे कपडे घेतात, हे मला ठाऊक होतं.

त्या रस्त्याला लागून अब्बांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचं धानाचं शेत आहे. मी स्कूटी काढली आणि थेट त्यांच्या बांधावर गेले. "भाऊ, तुमच्या बुजगावण्याले माझा टीशर्ट घालसाल का?" असं मी विचारलं, आणि टीशर्ट उलगडून दाखवला. हिरवागार टीशर्ट, आणि पूर्ण पाठीवर जबडा उघडलेला वाघ. मिशीचा एकेक केस मोजून घ्यावा असा. खाली बांबूला अडकवायला एक पाटी: 'असे कपडे बनवून मिळतील', आणि माझा फोन नंबर.

भाऊंनी टीशर्ट हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिला. "दे पोरी. आजच घालतो," ते म्हणाले. त्यांनी कुणाला घालतो ते सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

पंधरा दिवस पाऊस लागून होता. फोन काही वाजेना. चुलतभाऊ रोज येऊन खिडकीची मापं घेऊन जायचा. एकाच खिडकीची मापं रोज काय घ्यायची असतात?

सोळाव्या दिवशी फोन वाजला. पलीकडे गाईडांचा म्होरक्या होता. "त्या धानातल्या बुजगावन्याच्या अंगावर हाये ना, तसेच पाहिजेन आमाले. पस्तीस नग. आज दुपारी मी तिथीच येतो, तुमी बी या. कापड हात लावून पायतो."

मी दुकानात अक्षरशः उडी मारली आणि मग अब्बांना सगळं सांगावं लागलं. अब्बा रागावतात ते आधी हिंदीत. फारच राग आला तर मराठीत, म्हणजे बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकालाही त्यांची बाजू घेता यावी. "आमच्या दुकानाचा माल बुजगावन्याच्या अंगावर? पन्नास वर्षाची इज्जत तू डुकरं हाकलायले लावली?" मग कैची खाली ठेवून म्हणाले, "चल. मले पाहू दे."

ते माझ्या मागे स्कूटीवर बसले आणि आम्ही मोहर्लीच्या रस्त्याला लागलो. 

शेताजवळ पोहोचलो तर रस्त्यात एक उघडी जिप्सी उभी, पावसाळ्यातही चालू असणाऱ्या बाहेरच्या जंगलातल्या फेरीची. आतले पर्यटक उभे राहून फोटो काढत होते आणि एक बाई दबक्या आवाजात "टायगर, टायगर" करत होती. धानात खरोखरच वाघ होता. तो हळूहळू पुढे सरकत होता आणि गवत उपटत होता. मग वाघ सरळ उभा राहिला, त्याने कंबर दाबली आणि आम्हाला पाहून हात हलवला.

"भाऊ," मी बांधावरून ओरडले, "तो टीशर्ट तुमच्यासाठी नव्हता!"

"मालूम हाये न पोरी!" भाऊ चिखल तुडवत जवळ आले. "पन एवढा कोरा कपडा बुजगावन्याले घालू? पाप लागन. अन वाकून काम करताना वाघ मांगूनच येते. आता मांगं वाघ असला म्हनजे येनारा दहा वेळा इचार करन." मग त्यांनी शेताच्या मध्याकडे बोट दाखवलं. "त्याले माहा जुना शर्ट घातला. पाटी तुहीच लावली हाये, बेफिकीर राय."

बांबूवर खरंच एक जुना शर्ट होता. शेवाळी, उन्हापावसाने विटलेला, दोन खिसे, खिशांना झाकणं. डोक्याच्या जागी मडकं होतं आणि मडक्याच्या खाली कॉलर. ताठ.

अब्बांनी चपला बांधावर काढल्या, पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला आणि ते चिखलात शिरले. आयुष्यात मी त्यांना शेजारच्या सायकलच्या दुकानासमोरचं डबकंसुद्धा वळसा घालून ओलांडताना पाहिलेलं आहे. ते बुजगावण्याजवळ गेले, कॉलर उलटी केली, बोटांनी शिवण चाचपली, मग बाहीची, मग काखेतली. एखाद्या जुन्या दोस्ताची तब्येत विचारावी तसं चाललं होतं.

"हा मी शिवला," ते म्हणाले.

"तुमीच न मास्टर! मी जंगलखात्याच्या रोपवनाच्या कामावर जाऊन राह्यलो होतो तवा. पंधरा वर्षं होऊन गेली. बटन बी तुटलं नाई. एक तुटलं, ते बायकोनं तोडलं."

तेवढ्यात म्होरक्या मोटरसायकलवरून उतरला. मी माझ्या वाघाची घडी केलेली दुसरी प्रत पिशवीतून काढून पुढे केली. त्याने ती पाहिलीसुद्धा नाही.

"हा नाई जी. तो." त्याने बुजगावण्याकडे बोट केलं. "पंधरा दिवसापासून जाता-येता पाहून राह्यलो. पान्यात भिजते, वाऱ्यानं हालते, पन कॉलर काही पडत नाई. अन जंगलात असाच रंग लागते. वाघाचं चित्र घालून वाघ दाखवाले नेऊ का लोकायले?"

मला काय वाटलं ते सरळ सांगते. मला रडू आलं. ऑर्डर आली होती, पण ती माझी नव्हती. माझ्या पाटीने, माझ्या नंबरने, माझ्या युक्तीने अब्बांचा शर्ट विकला होता, आणि खिडकीत आता कव्हरं लागणार होती. मी घडी परत पिशवीत कोंबली आणि स्कूटीच्या आरशात उगाच काहीतरी पाहत राहिले.

"मास्टर, तुमचाच हात दिसते," म्होरक्या म्हणाला. "पस्तीस शिवून देसाल का? हंगामाच्या आंधी?"

अब्बा चिखलातून बाहेर आले. बांधावर उभं राहून त्यांनी एक एक पाय गवताला पुसला. त्यांना कशाचीच घाई नव्हती.

"मी नुसता शिवतो," ते म्हणाले. "ऑर्डर पोरगी घेते. खिशावर तुमच्या गटाचं नाव लागन, वाघाचं पाऊल लागन, ते छापनं तिचं काम. नुसता शर्ट आमच्या दुकानात भेटत नाई. तिच्याशी बोला."

नुसता शर्ट आमच्या दुकानात पन्नास वर्षं मिळत होता. मी डोळे पुसले, वही काढली आणि मापं कधी घ्यायची ते विचारलं.

जाताना अब्बांनी बुजगावण्याच्या अंगावरचा शर्ट मागून घेतला. बदल्यात बुजगावण्यासाठी नवा शर्ट शिवून पाठवायचं कबूल केलं, आणि शब्दाला जागून आठ दिवसांत पाठवलासुद्धा, पक्क्या कॉलरचा. जुना शर्ट त्यांनी धुतला नाही. धानाचा चिखल खालच्या कडेला तसाच ठेवून, दोन बांबूंच्या फुलीवर चढवून, स्वतःच्या हाताने खिडकीत उभा केला. शेजारी माझ्यासाठी अर्धी जागा सोडली. चुलतभाऊ आता कव्हरं सायकलच्या दुकानात लावतो.

पस्तीस शर्ट पोहोचवायला मी मोहर्लीला गेले तेव्हा वाटेत त्या शेतापाशी थांबले. भाऊ बांधावर बसून जेवत होते, अंगात अब्बांनी पाठवलेला नवा कोरा शर्ट. आणि मध्ये धानात बुजगावणं उभं होतं. माझ्या वाघाला शेवटी त्याची जागा मिळाली होती, जबडा रस्त्याच्या बाजूला, खाली माझा नंबर.

घरी येऊन मी अब्बांना म्हटलं, "तुमचा शर्ट भाऊंनी घातला, माझा बुजगावण्याला दिला."

अब्बा काज करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मंग," ते म्हणाले, "कॉलर नाई त्याले."

मग दोरा दाताने तोडून खिडकीकडे बघत म्हणाले, "उद्या तुझा तो दुसरा वाघ आन. तिथी अर्धी जागा उगाच रिकामी पडून राह्यली."