गोऱ्हा असलेल्या गाईचं दूध

आमच्या नात्यात सध्या एक गोष्ट फिरते आहे. माझ्या बायकोने मूल होऊ नये म्हणून गुपचूप तांबी बसवून घेतली आणि माझ्या आईला, म्हणजे स्वतःच्या सासूला, मरेपर्यंत फसवलं. यातली तांबी खरी आहे. फसवणूक माझी आहे. ज्यांना हे पचत नसेल त्यांनी पुढे वाचू नये. पण मग माझ्या घरी येऊन, तिच्याकडे तिरकं बघत तिच्याच हातचा चहाही पिऊ नये.

आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. सरकारी नोकरीमुळे मी रायपूरला आलो आणि इथलाच झालो. दोन मुली झाल्या. धाकटी रांगायला लागली तेव्हा बायको म्हणाली, "आता बस." मी हो म्हणालो. समता कॉलनीत एक डॉक्टरीणबाई होत्या. आम्ही दोघं स्कूटरवरून त्यांच्याकडे गेलो, तिने तांबी बसवून घेतली, आणि येताना रस्त्यात भजी खाल्ली. मी बाहेर बाकावर बसून होतो. हे मुद्दाम लिहितो, कारण नवऱ्यालाही पत्ता नव्हता असं छातीठोक सांगणारे आता निघाले आहेत.

लपवाछपवी सुरू झाली ती आई गाव सोडून आमच्याकडे राहायला आल्यावर. आल्या आठवड्यातच तिने विचारलं, "मले नातू कवा दाखवून राहिला गा?"

आम्हाला नको आहे, एवढं म्हटलं असतं तर आई भांडली असती, दोन दिवस जेवली नसती, आणि मग जेवली असती. मला तेवढंही नको होतं. मी म्हणालो, "डॉक्टर म्हणतात, इले आता होणं कठीण आहे." 'नको' म्हटलं की भांडण होतं. 'होत नाही' म्हटलं की भांडायचं कोणाशी? मी स्वतःवर खूश होतो.

बायको स्वयंपाकघरात होती. तिने ऐकलं. दुसऱ्या दिवशी डबा हातात देताना म्हणाली, "माझ्यात काहून खोट काढली?"

"थोडे दिवस. मी सांगतो मायले."

आई स्वस्थ बसणारी बाई नव्हती. अभनपूरकडचा कोणी वैद्य मुलगा होण्याचं औषध देतो असं तिला शेजारणीने सांगितलं. आई बसने जाऊन पुड्या घेऊन आली. पुडी उपाशीपोटी, सूर्याकडे तोंड करून, ताज्या दुधातून घ्यायची. दूधही कुठलंही चालत नाही. ज्या गाईला गोऱ्हा झाला आहे तिचंच हवं, कालवड असलेली गाय नको. ते दूध आणायचं काम माझ्याकडे आलं.

आमच्या मागे राऊत पारा होता, दूधवाल्यांची वस्ती. मी सकाळी गडवा घेऊन तिथे जायचो. तिथला दूधवाला राऊत हसून म्हणायचा, "हव बाबू, बछवाच हे, देख ले." आणि मी, बी.एससी. झालेला माणूस, खरंच वाकून बघायचो. वासरू गोऱ्हाच आहे ना याची खात्री करून घ्यायचो. आईने विचारलं तर निदान तेवढं तरी खरं सांगता यावं म्हणून असेल. घरी येऊन ते दूध मी माझ्या हाताने बायकोला द्यायचो. तिच्या पोटात तांबी आहे हे आम्हा दोघांनाही माहीत, आणि ती अंगणात सूर्याकडे तोंड करून ती कडू पूड गिळायची. मागे आई हात जोडून उभी. बरेचदा बायकोला उलटी व्हायची. आई म्हणायची, "औषध लागून राहिलं."

एकदा तोंड धुता धुता बायको मला म्हणाली, "वासरू तपासता. मायले दोन शब्द सांगाले काय होते तुम्हाले?"

मला काहीच होत नव्हतं. माझं छान चाललं होतं.

तांबी बदलायची वेळ यायची तेव्हा आम्ही आईला सांगायचो, सदर बाजारात जाऊन येतो. बाजारातून आल्याची खूण म्हणून परतताना बांगड्या घ्यायच्या. आई त्या बांगड्यांकडे बघून म्हणायची, "नातवाचा पत्ता नाही अन् इची हौस पाहा." बायको भाजी चिरत राहायची. पुढे नात्यातल्या डोहाळजेवणांत तिला ओटी भरायला कोणी उठवेना. पोरगा नाही आणि वर कूस बिघडलेली, अशा बाईचा हात नको. ती कोपऱ्यात बसून पत्रावळी पुसायची.

आई गेली. आता तर भिण्यासारखं कोणी उरलं नव्हतं. तरी मी बोललो नाही.

गेल्या वर्षी माझ्या बहिणीच्या सुनेचं डोहाळजेवण होतं, इथेच रायपूरला. आमच्या धाकटीला एक मुलगी आहे. तिने आणि जावयाने एकच पुरे असं ठरवलं आहे आणि ती इंजेक्शन घेते. बायकांमध्ये बसलेली माझी बहीण तिला म्हणाली, "तुयं काय पोट्टी, एकीवरच थांबलं. मायचीच कूस आली तुले."

धाकटी हसली. "आत्या, मेरा इंजेक्शन चल रहा है. मेरी मर्ज़ी."

"झाकाले बरं असते इंजेक्शन," बहीण म्हणाली, आणि बायका हसल्या.

माझी पोरगी खरं बोलत होती आणि तिचं खरं कोणी मानत नव्हतं, कारण मी कधीतरी एक सोपं वाक्य बोललो होतो. शेजारच्या खोलीत पुरुषांच्या पंगतीत बसून मी हे ऐकत होतो, तो उष्ट्या हातानेच उठलो आणि बायकांच्या दारात जाऊन सगळं सांगितलं. तांबी, समता कॉलनी, वासरू, सगळं. "हिच्यात कधीच काही खोट नव्हती. मायशी मी खोटं बोललो," असंही सांगितलं.

मग बहीण म्हणाली, "म्हणजे माय बिचारी औषधं आणत राहिली, अन् वहिनी गिळून मजा पाहत राहिली?"

मी बोललो, म्हणजे कबुली माझी. दोष मात्र तिथल्या तिथे परत तिच्याकडे गेला. कोणीतरी सारवासारव करायला ओटीचं ताट तिच्यापुढे सरकवलं, "या ना काकू, भरा."

बायको म्हणाली, "खोट होती तवा चालली नाही. आता लबाड निघाली तं कशी चालीन?" आणि तिने पानातली पुरणपोळी शांतपणे संपवली.

तेव्हापासून ती 'सासूला फसवणारी' आहे. म्हणून हे लिहायला बसलो. आईला तिने फसवलं नाही, तिला आईशी खोटं बोलायला मी लावलं. ज्याला बोलायचं आहे त्याने माझ्याशी बोलावं. मी घरीच असतो.

लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवलं. सुरुवातीला मी एक वाक्य घातलं होतं, की दुसऱ्या बाळंतपणात ती फार अशक्त झाली होती. तिने मला तिथेच थांबवलं.

"ते काढा."

"काहून? लोकांले समजन तरी."

"दुसरं बाळंतपण मस्त झालं होतं. मी अंथरुणात बसून चिवडा खाल्ला होता. मले दोनच पाह्यजे होत्या."

"एवढंच लिहू?"

"एवढंच. कारण कशाले द्यायचं?"

वाक्य काढलं. तिची तब्येत उत्तम होती. तिला दोनच मुली हव्या होत्या.