मेमरी भरते तेव्हा मामा काय करतात

पदनाम : संगणक कक्षप्रमुख. कक्षातील अन्य कर्मचारी : निरंक. अधिकार : सर्व. यंत्रावरील कोणतेही काम सुरू करणे, रोखणे अथवा मोडीत काढणे सदर इसमाच्या पूर्ण अखत्यारीत राहील.

सदर इसमाला अख्खं कार्यालय मामा म्हणे. तसं म्हणायचा खरा हक्क असलेली भाची त्या दिवशी शेजारच्या खुर्चीत बसून होती. नदीत गाळ कसा साचतो याचा तिचा हिशेब आठवडाभर कार्यालयाच्या मोठ्या यंत्रावर चालला होता. दुपारपर्यंत उत्तर आलं तर प्रबंध वेळेत जाणार, नाहीतर वर्ष वाया.

"मेमरी पुरेल ना, मामा?"

"पुरेल म्हणतंय."

"म्हणतंय म्हणजे?"

"अगं, ही सिस्टीम मागेल त्याला हो म्हणते. आहे की नाही ते नंतर बघते. सगळे एकदम मागायला येत नाहीत, या भरवशावर हिचा कारभार."

"म्हणजे आमची आई."

"तुझी आई ऐन वेळी फोन तरी उचलत नाही. हिला तीही सोय नाही."

तेवढ्यात वरच्या मजल्यावर साहेबांनी वार्षिक तक्ते उघडले. एखाददुसरा नव्हे, सगळे. वर बैठकीचा व्हिडिओ. साहेबांचा पडदाही याच यंत्राला जोडलेला. सगळे एकदम मागायला आले.

सिस्टीमने आधी सांभाळून घेतलं. कुणी वापरत नाही अशी माहितीची पानं मेमरीतून उचलून डिस्कवर नेऊन ठेवली. ठेवते न ठेवते तोच नेमकी तीच हवी झाली. ती आणायची तर दुसरी हलवायला हवीत. बघता बघता यंत्र नुसती ने-आण करत बसलं, काम कुणाचंच होईना. डिस्कचा दिवा पेटला तो विझायचं नाव घेईना.

मामांनी तक्ते बंद करण्याचा हुकूम टाइप केला. पडद्यावर एक अक्षर उमटेल तर शपथ.

"मामा, काहीतरी कर ना."

"केलंय. ते रांगेत उभं आहे."

वर फोन लावला. साहेब बैठकीत होते.

अशा वेळी सिस्टीम शेवटी कुणातरी एकाचा बळी देते. जास्त जागा अडवून बसलेला आधी जातो. पूर्वी एकदा साहेबांचा तक्ता असाच गेला होता आणि साहेब आठवडाभर बोलायचे थांबले नव्हते. तेव्हापासून साहेबांच्या प्रत्येक प्रोग्रामला मामांनी 'हात लावू नये' अशी खूण करून ठेवली होती. मग मोठं असं उरलं होतं एकच. अर्धा हिशेब डिस्कवर उतरवून ठेवावा तर काम रेंगाळतं, म्हणून भाचीने तेही टाळलं होतं.

दिवा विझला. पडद्यावर सिस्टीमची एक ओळ आली : मेमरी अपुरी, गाळाचा हिशेब बंद केला आहे.

पाठोपाठ मामांचा हुकूम भराभर उमटला आणि तामीलही झाला. वर साहेबांचे तक्ते बंद पडले.

फोन वाजू लागला. मेमरी आता जवळजवळ सगळी मोकळी होती.