विहीणबाई म्हणून झालं

तुळजाबाईंना आडपडदा ठाऊक नाही. अंकुशनगरजवळ त्यांचा मळा. उसाला तोड कधी मिळणार हे विचारायला त्या स्वतः साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात जातात, खुर्ची ओढून बसतात आणि तारीख घेऊनच उठतात. नवरा गेल्यावर शेती आणि लेक, दोन्ही त्यांनी अशीच सांभाळली.

लेक अक्षता जालन्यात बँकेत लागली आणि तिथल्याच स्वानंदशी तिचं जुळलं. जात वेगळी, घर शहरातलं. तुळजाबाईंनी मुलाला जेवू घातलं, चार प्रश्न विचारले आणि हो म्हणून मोकळ्या झाल्या. अडलं होतं ते स्वानंदच्या आईपाशी. उमाताई नाही म्हणत नव्हत्या आणि हो तर मुळीच नाही. नुसतं "बघू या". त्या "बघू या"पायी अक्षताचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं आणि तुळजाबाईंना ते बघवत नव्हतं.

शेवटी स्वानंद आणि अक्षताने आपापल्या आईला जालन्यातल्या एका नव्या इटालियन हॉटेलात बोलावलं. हिच्याही घरी नको, तिच्याही नको. तुळजाबाई आपल्याच ओसरीवर बसावं तशा ऐसपैस बसल्या. काय मागवायचं ते तुम्हीच ठरवा, मी समदं खाते, असं त्यांनी स्वानंदला सांगून टाकलं. उमाताई उन्हाबद्दल बोलल्या, मस्तगडातल्या गर्दीबद्दल बोलल्या. मुद्द्याकडे काही फिरकल्या नाहीत.

मग बशा आल्या. टोमॅटोच्या रश्शात शिजवलेले, तांदळाएवढे पिठाचे दाणे आणि वर किसलेलं चीज. तुळजाबाईंनी एक चमचा तोंडात घातला आणि त्या थबकल्या. त्यांच्याकडे लग्न ठरलं की बायका जमतात आणि भिजवलेल्या रव्याचे असेच दाणे बोटांनी वळतात. त्यांना गव्हले म्हणतात. गव्हले वळले की लग्नघर सुरू झालं. ठरल्याशिवाय त्यांना कुणी हात लावत नाही. म्हणजे तोंडाने सांगायचा संकोच वाटला म्हणून या माउलीने लेकाला सांगून हे मुद्दाम करवून घेतलं! तुळजाबाईंचा ऊर भरून आला.

त्यांनी चमचा खाली ठेवला आणि उमाताईंचा हात धरला. "विहीणबाई, किती जीव टांगणीला लावला व्हता. तुम्ही गव्हलेच केले म्हणल्यावर आता बोलायचं काय राह्यलं?"

अक्षताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने आईला हळूच सांगितलं की हा इटलीतला पदार्थ आहे, याला ओर्झो म्हणतात, पाहिजे त्याला मिळतो, शेजारच्या टेबलावरही तोच आहे. तुळजाबाईंनी शेजारी पाहिलं. दोन पोक्त व्यापारी तेच मन लावून खात होते. त्यांच्यापैकी कुणाचं लग्न ठरल्यासारखं काही वाटत नव्हतं.

दुसरी कुणी असती तर पदरात तोंड लपवलं असतं. तुळजाबाईंनी धरलेला हात सोडला नाही.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "पण तोंडातून शब्द गेला, तो काही मी मागं घेत न्हाई. तुम्हाला नको असंल तर आत्ताच सांगा. पोरगी झुरून राह्यली माझी."

उमाताई बशीकडे बघत हळूहळू बोलू लागल्या. अक्षता त्यांना पहिल्या दिवसापासून आवडलेली. धास्ती होती ती घरच्यांची. असलं लग्न केलंत तर आम्ही येणार नाही, असं जावांनी बजावलं होतं. मांडवात आपल्या बाजूला बाई म्हणून आपण एकट्याच उभ्या आहोत, हे चित्र काही केल्या त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. हे त्या स्वानंदशीही कधी बोलल्या नव्हत्या.

"गव्हले वळायला तरी कोण येणार हो माझ्याकडे?"

"मी येते की," तुळजाबाई म्हणाल्या. "तुमचेबी वळते, माझेबी वळते. रवा तेवढा भिजवून ठेवा."

उमाताईंनी डोळे पुसले.

"मग कधी येताय, विहीणबाई?"