तोताराम शिंप्याचं नाटकातलं काम

पारोळ्यात नाटकवेडे पुष्कळ होते, पण त्यांचा पुढारी एकच, तोताराम शिंपी. त्याचं दुकान माझ्या किराणा दुकानासमोर होतं, त्यामुळे त्याचं वेड मला सक्तीनं बघावं लागे. हातात कुणाचा तरी सदरा, पायाखाली मशीन, आणि तोंडानं तिसरा अंक चाललेला. एखाद्यानं बाही लांब झाल्याची तक्रार केली तर तोताराम म्हणे, "राजाच्या अंगरख्याची बाही अशीच असते." गिऱ्हाईक बिचारं बैलबाजाराला निघालेलं असे. त्याला राजाच्या बाहीचं काय करायचं?

एवढ्यावर भागलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण तोतारामची बाबूमामा वैरागकरांशी ओळख होती, आणि ती ओळख त्यानं वीस वर्षं आमच्या डोक्यावर नाचवली.

बाबूमामा म्हणजे त्या काळचे सगळ्यात नावाजलेले विनोदी नट. नुसते रंगभूमीवर येऊन उभे राहिले तरी लोक पोट धरत. त्यांची दोन कामं फार गाजली. एक चिक्कू रावसाहेबाचं. हे रावसाहेब कमरेत वाकून दोन पावलं चालायचे आणि थबकायचे, तिसरं पाऊल खर्च करावं की नाही अशा विचारात. दुसरं यमुनाकाकूचं. मामा स्वतः नऊवारी नेसून येत आणि पाहुण्याला जेवण आणि शिव्या एकाच हातानं वाढत. "गिळा! आणि पानात टाकलंत तर तेच उद्या सकाळी पुन्हा वाढीन!" एवढं म्हटलं की पुढची पाच मिनिटं नाटक बंद.

हेच मामा पंचवीस वर्षांपूर्वी नुसते बाबू होते. एका नाटक कंपनीबरोबर ते पारोळ्याला आले, हिवतापानं अंथरुणाला खिळले, आणि कंपनी त्यांना टाकून अंमळनेरला निघून गेली. कंपनीचे फाटके पोशाख तोताराम शिवत होता. त्यानं बाबूला आपल्या घरी आणलं आणि महिनाभर सांभाळलं. हे सगळं खरं. गोधडी पांघरून ओट्यावर बसलेला तो पिवळा पोरगा मी स्वतः पाहिलाय.

खोटं असलंच तर ते याच्या पुढं सुरू होई. रावसाहेबाची चाल म्हणजे माझीच चाल, असं तोतारामचं म्हणणं होतं. "रात्रंदिवस माझ्याकडे बघत बसायचा पोरगा. मी आपला गप्पा मारतोय, आणि तो मला डोळ्यांनी पितोय!" असं म्हणून तो ओट्यावरून खाली उतरे आणि रस्त्यातच रावसाहेब चालून दाखवी. सुरुवातीला ते अजिबात जमत नसे. पण रोज चालून दाखवून दाखवून वीस वर्षांत त्याची कंबर खरोखरच वाकली, आणि पावलंही अडखळायला लागली. शेवटी शेवटी मूळ कोण आणि नक्कल कोण हे कुणाला सांगता आलं नसतं.

त्याची बायको भिकुबाई. तिला विचारायला जावं तर ती हात झटकून म्हणे, "मले काय याद? जेवाले भारी व्हता, इतलंच याद शे."

बाबूमामा वारले, आणि त्यानंतर तीन वर्षांनी, सन एकतीसच्या हिवाळ्यात, बाजाराच्या दिवशी पारोळ्यात ढोल वाजला. रंगविनोद नाटक मंडळी धुळ्याला येत होती. नवा खेळ होता, खुद्द बाबूमामांच्या आयुष्यावरचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत हसवणारा. हँडबिलं वाटली गेली. त्यात बारीक अक्षरांत छापलं होतं, अंक दुसरा, प्रवेश पहिला, पारोळे येथील शिंप्याचे घर.

तोतारामनं ते हँडबिल खळ लावून दुकानाच्या फळीवर चिकटवलं, आणि गावाला नाटकाशिवाय दुसरा विषय राहिला नाही. ज्यांनी जन्मात नाटक पाहिलं नव्हतं ते धुळ्याच्या मोटारीची चौकशी करू लागले. आमचा टांगेवाला जब्बार रोज सकाळी ओट्यासमोर टांगा उभा करून विचारी, "भाऊ, तुम्हनासारखा वाकडा नट त्यास्ले कोठे भेटना व्हई?" तोतारामला त्यात थट्टा दिसतच नसे. तो गंभीरपणे म्हणे, "मुंबईहून आणला असेल."

इथवर ठीक होतं. पण धुळ्याला त्याचे व्याही राहत, पुनाशेट. कापडाचं मोठं दुकान, बोटात अंगठ्या. लग्नाच्या मांडवापासून हे गृहस्थ तोतारामची टर उडवत आले होते. "आमचे व्याही तोंडानं शिवतात," असं ते चारचौघांत म्हणत, आणि तोतारामची मुलगी ते सासरी मान खाली घालून ऐके. तर या पुनाशेटना तोतारामनं निरोप धाडला, रविवारचा दुपारचा खेळ बघायला या, तुमचा व्याही नाटकात बघा, तिकिटं माझ्याकडून.

मी म्हटलं, "भाऊ, आधी आपण बघू, मग व्याह्याला बोलावू." माझं ऐकतो कोण? त्यानं स्वतःसाठी नवा कोट शिवायला घेतला होता. त्यातही एक बाही राजाची झालीच.

मग एके दुपारी तो माझ्या दुकानात आला, पोत्यावर बसला आणि बराच वेळ शेंगदाणे चिवडत राहिला. शेवटी हळूच म्हणाला, "निंबा, आनि तठे मी नही निंघनू तं?"

तोताराम दुकानात नेहमी नाटकातल्यासारखं शुद्ध बोले. तो घरच्या बोलीवर आला म्हणजे खरोखर घाबरला होता. मला त्याची दया आली. मी म्हटलं, "निघशील रे. घर तुझं, मशीन तुझं, तू कसा नसशील?" तो थोडा सावरला आणि माझे मूठभर शेंगदाणे घेऊन गेला.

रविवारी पारोळ्याहून दोन सर्व्हिस मोटारी भरून निघाल्या. भिकुबाई नाटकासाठी यायला तयार नव्हती. नातवाला बघायला मिळेल एवढ्यावरच ती मोटारीत चढली, आणि चढताक्षणी ड्रायव्हरला बोलली. मोटार हळू चालवतो म्हणून नव्हे, पोटभर जेवलेला दिसत नाही म्हणून.

धुळ्याला तंबू खचाखच भरलेला. भिकुबाई मुलीबरोबर बायकांच्या बाजूला बसली. आम्ही इकडे, मधे तोताराम, त्याच्या एका अंगाला मी आणि दुसऱ्या अंगाला पुनाशेट अत्तर लावून. पहिला अंक हसत हसत सरला, पण तोताराम हसला नाही. तो नुसता फेटा सारखा करत होता.

दुसऱ्या अंकाचा पडदा वर गेला. शिंप्याचं घर. कोपऱ्यात मशीन, मधे गोधडीत कण्हणारा बाबू. पारोळ्याच्या मंडळींनी टाळ्या पिटल्या. तोताराम खुर्चीच्या कडेवर सरकला.

आणि आतून कोण आलं? तर लुगडं नेसलेला एक दांडगा नट, हातात भाकरीची टोपली. आला तोच बाबूच्या अंगावर ओरडला, "गिळ शे! पानात टाकलंस शे तर उद्या सकाळी तेच वाढीन शे!"

त्या बिचाऱ्याला कुणीतरी सांगितलं असावं की खानदेशात 'आहे'ला शे म्हणतात, म्हणून तो प्रत्येक वाक्याला एक शे लावत होता. मागून कुणी ओरडलं, "बस कर भाऊ, शे संपी जातीन!" पण लोक त्या भाषेला हसत नव्हते. ही तर यमुनाकाकू! म्हणजे मामांनी यमुनाकाकू पारोळ्यात शोधली होती तर. तोतारामच्या घरातून रोज दुपारी मला ऐकू येई, "गिया आते! ताटम्हा टाकं तं तेच सकायले वाढसू!" वीस वर्षं मी ते फुकट ऐकत होतो, आणि तेच पुण्याला जाऊन तिकीट काढून ऐकलं तेव्हा हसून लोळलो होतो. मला एकदाही कळलं नाही.

बाबू गोधडीतून म्हणाला, "पण तोतारामशेट कुठं आहेत?"

तोतारामनं माझा हात दाबला.

बाईनं आत तोंड करून हाक मारली, "अहो, ऐकलं का?" आणि आतून आवाज आला, "खॉक."

लोक हसले. बाईनं विचारलं, औषध आणलं का? खॉक. पोरगं महिनाभर राहणार, धान्य पुरेल का? खॉक. तुम्हाला काही बोलायचंय का? यावर बराच वेळ शांतता, आणि मग अगदी नमतं घेतल्यासारखं, "खॉक." तंबू कोसळायचा तेवढा राहिला. प्रवेश संपला. शिंपी एकदाही बाहेर आला नाही.

पुनाशेट वळले आणि फार गोड आवाजात म्हणाले, "व्याही, तुम्ही बाहेर कधी येणार?"

"पुढच्या प्रवेशात," तोताराम म्हणाला. पुढचा प्रवेश पुण्यात होता.

बायकांच्या बाजूची हकिगत मला त्याच्या मुलीनं नंतर सांगितली. सगळ्या बायका माना वळवून भिकुबाईकडे बघत होत्या. भिकुबाई मात्र मुलीला म्हणत होती, "भलती तोंडाय बाई शे व माय! मानोसले बोलूच देत नही." मुलीनं तोंडात पदर कोंबला.

अंक संपला तरी लोक ओरडतच राहिले, "वन्समोअर!" वन्समोअर गाण्याला मिळतो. खोकल्याला मिळालेला मी तो एकदाच पाहिला. त्या गोंधळात तोताराम उठला आणि तडक पडद्यामागे गेला. मारामारी होईल म्हणून मी मागोमाग.

कंपनीचे मालक एक मिशी काढून आणि एक ठेवून उभे होते. तोताराम म्हणाला, "मी तोताराम शिंपी. मी महिनाभर त्या माणसाशी बोललो. मी खोकलो नाही!"

मालकांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि चक्क वाकून नमस्कार केला. "मामा नेहमी तुमचं नाव काढायचे. म्हणायचे, त्या घरात बोलणारं माणूस एकच. ती माउली तोंडानं जीव घ्यायची आणि हातानं जीव वाचवायची. आम्ही दोघं पुरुष आपले खोकायचो. मी तापामुळे, आणि शिंपी का खोकायचे ते त्यांचं त्यांना ठाऊक."

तोताराम अगदी बारीक आवाजात म्हणाला, "आणि रावसाहेबाची चाल?"

"ती त्यांच्या चुलत्याची. मूळव्याध होती त्यांना."

मी खाली बघितलं. हसू नये असा तो प्रसंग होता आणि मला ते फार जड गेलं. तोताराम भिंत शोधत होता, पण तंबूला भिंत कुठली? बाहेर वन्समोअर वाढतच होता. मालक धंद्याचा माणूस. त्यांनी राहिलेली मिशी काढली आणि म्हणाले, "तोतारामशेट, प्रवेश पुन्हा करावाच लागणार. आतून आमचा पडदे ओढणारा खोकतो. आज तुम्हीच खोकता का?"

तोतारामनं एकदा माझ्याकडे बघितलं, मग कोटाची बटणं लावली.

मी धावत जागेवर आलो. मालकांनी पुढं येऊन जाहीर केलं, पारोळ्याचे खुद्द तोताराम शिंपी या प्रवेशात खोकतील. पुनाशेट ताठ बसले. प्रवेश सुरू झाला. बाबू कण्हला, बाई आली, भाकरीची टोपली आली. "अहो, ऐकलं का?"

आतून काही नाही.

बाईनं टोपली खाली ठेवली. "अहो, ऐकलं का शे?" काही नाही. मला दिसत नव्हतं, पण मी ओळखलं, त्याचा घसा सुकला होता. वीस वर्षं ज्याची वाट बघितली ते काम समोर आलं आणि त्याच्यानं साधं खोकवेना. तिसऱ्यांदा हाक झाली. लोक चुळबुळू लागले. पुनाशेटच्या ओठांवर काहीतरी यायला लागलं. मी मनातल्या मनात सगळ्या देवांना हाक मारली, आणि खरं सांगतो, तेव्हा मला वाटलं की आता हा माणूस पारोळ्यात तोंड दाखवणार नाही.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं भिकुबाई उभी राहिली. भाकरी थापणाऱ्या हातानं पदर खोचला आणि पडद्यामागे ऐकू जाईल अशा आवाजात कडाडली, "आयकं का? घरम्हा तं रोज खोकतस, आते काय व्हयनं? खोका ना!"

"खॉक!" आतून तत्काळ आलं. असा मोकळा, असा मनापासून खोकला मी पुन्हा कुठल्याही नटाकडून ऐकला नाही.

मग काय झालं ते सांगवत नाही. लोक खुर्च्यांवरून खाली आले. लुगड्यातला नट आपलं काम विसरून भिकुबाईकडे बघत हात जोडून उभा राहिला. पुनाशेट डोळे पुसत होते, अंगठ्यांसकट. तोताराम बाहेर आला तेव्हा ते स्वतः उठले आणि त्यांनी त्याला आपली खुर्ची दिली.

संध्याकाळी मोटारीपाशी त्याच्याभोवती गर्दी जमली. जब्बार, मी, सगळं पारोळं. तो आता काय सांगतो म्हणून आम्ही कान टवकारून उभे. गर्दीतून वाट काढत भिकुबाई आली, नातवाला एका काखेत घेऊन. तिनं पिशवीतून लवंग काढली आणि त्याच्या हातावर आपटली. "ह्या ल्या, चावा. ताक पेऊ नका सांगेल व्हतं. कसा खोकला लागना! आयकं का?"

तोतारामनं आमच्या सगळ्यांकडे पाहिलं, काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि खोकला.